माझ्या दोन दाढा

फोन ठेवू नकोस बरं पोरी, आणि मुकाट्यानं ऐक. सोमवारी दाढ काढायला जाते म्हणून सांगतेस, भाजी आणायला चालल्यासारखं? मावशीला आधी विचारायचं तरी.

माझाही उजवा जबडा असाच ठणकायचा. कानाच्या पुढे. जांभई दिली की कट्‌ वाजायचं. भाकरी वरणात कुस्करून गिळायची. लवंगेचं तेल झालं, हळद झाली. घरात मात्र सगळ्यांचं एकमत, बाई फार बोलते म्हणून दुखतं. धाकटे दीर जेवताना म्हणाले, "वहिनी, कारखान्यातल्या लूमलापण आठवड्यातून एकदा सुट्टी असते." सगळे हसले. मीही हसले, तर हसतानाही कळ आली.

मग दातांच्या डॉक्टरकडे. "कोणती दुखते?" मी बोट ठेवलं, त्यानं ती उपटली. कळ तिथंच. पंधरा दिवसांनी शेजारची उपटली. दोन्ही कागदात बांधून दिल्या. घरी धुऊन पाहिल्या, किडीचा ठिपका नाही. "आता तरी गप्प बसशील," तुझे काका म्हणाले. बसलेही, वर्षभर. दुखणं वाढलंच.

शेवटी मोठ्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण तुझ्याच वयाची. जिना चढताना छाती भरते का, घाम येतो का, आधी ते विचारलं. हृदयाचं दुखणंही जबड्यात उतरतं म्हणे, तसं झालं तर न थांबता दवाखाना गाठायचा. मग कान बघितला, दात ठोकून पाहिले. ती लिहीत होती, तेवढ्यात माझ्या पदराचा एक दोरा लोंबताना दिसला. मी तो दाढेत धरून तोडला.

तिनं पेन खाली ठेवलं. "अम्मा, हे किती वर्षं?"

तीस वर्षं घरी बसून लूमच्या कांड्यांवर सूत गुंडाळलं. सूत तुटलं की गाठ मारायची, शेंडा उजव्या दातांनी तोडायचा. कात्री शोधायला वेळ कुणाला?

"आणि आत्ता दात दाबून धरलेत का?"

धरले होते. मला पत्ताच नव्हता.

"बोलण्यानं नाही झालं हे. आवळून आवळून सांधा आणि स्नायू थकलेत." ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, गरम कपड्यानं शेकायचं, काही दिवस मऊ खायचं, झोपताना दातांवर तिथं करून दिलेली प्लास्टिकची पट्टी बसवायची. सहा महिन्यांत बरंच उतरलं. दाढा काही उगवल्या नाहीत.

घरी येऊन सगळं सांगितलं. कुणी एक शब्द मागे घेतला नाही. कात्री आणायलासुद्धा मीच गेले.

तू दिवसभर शिवणमशीनवर असतेस. दोरा कशानं तोडतेस, ते मी दिवाळीत पाहिलंय. कीड असेल तर काढ, मी आडवी येणार नाही. पण आधी एक्स-रे काढ, आणि त्या डॉक्टरणीला दाखव. मी सोबत येते. रविवारच्या बसनं ये, स्टँडवरून आमच्या राजपुऱ्याला रिक्षा मिळते. मऊ खिचडी टाकून ठेवते. ये गं लवकर, सगळ्या दाढा तोंडात घेऊन ये.