मीठवाल्याचा महाप्रसाद

आम्ही चांद्याच्या पोलीस लाईनीत राहत होतो, तेव्हा आमचे हे अधूनमधून घरातून नाहीसे व्हायचे. शेजारणी विचारायच्या, "भाऊ कुठी गेले?" मी म्हणायची, "मले सांगून जातात का कधी?" खोटं नव्हतं ते. साहेब ह्यांना साध्या वेशात कुठंतरी पाठवायचे आणि बायकोजवळही तोंड उघडायचं नाही, असा हुकूम असायचा. माझं डोकं फिरायचं, पण हुकमापुढं बायकोचं काय चालतं?

त्या वर्षी कुरखेड्यापलीकडच्या जंगलात सागवान चोरणाऱ्यांनी नाक्यावरच्या शिपायाला मारून त्याचा पाय मोडला होता. माल कोण नेतं याचा छडा लावायला ह्यांना मीठवाला करून पाठवलं. कावडीत मीठ घेऊन गावोगाव फिरायचं आणि मिठाच्या बदल्यात चारोळी घ्यायची. एका गावात बैलबंडी हाकणाऱ्या गोंड बंडीवाल्याकडे ह्यांचा मुक्काम पडला. नवराबायको दोघंच घरात. ह्यांना ताप भरला तेव्हा त्या बाईनं पेज करून पाजली, आणि बंडीवाला कामधंदा सोडून उशाशी बसून राहिला.

त्या बाजूला छत्तीसगडाकडून आलेली एक चाल आहे. दोघांचं मन जुळलं की ते गावदेवापुढं नारळ-तांदूळ एकमेकांच्या हाती देतात. त्या दिवसापासून ते भावापेक्षा जवळचे. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'महाप्रसाद' म्हणून हाक मारायची. बंडीवाल्यानं ह्यांना विचारलं आणि ह्यांनी होकार दिला. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता, असं ह्यांचं म्हणणं. सोंगातलंच एक सोंग समजून नारळ घेतला आणि तिथंच चुकले.

महाप्रसादापासून काय लपवायचं? एका ठेकेदाराचं चोरीचं सागवान कोणत्या वाटेनं जातं आणि त्यात आपलीही बंडी असते, हे त्यानं आपणहून सांगून टाकलं. पुढच्या खेपेला वाटेत पोलीस उभे होते. ठेकेदाराची माणसं सापडली, बंडीवालाही सापडला. शिपायाला मारण्यात तो नव्हता, पण माल त्याच्या बंडीवर होता.

साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली. मी मोठ्या तोऱ्यात लाईनीत गूळखोबरं वाटलं. हे मात्र जेवेनात. शेवटी मी चिडलेच. म्हटलं, "चोर धरले ना तुमी? मंग सुतक आल्यासारखे काऊन बसून राह्यले?" तेव्हा कुठं सगळं सांगितलं.

खटला चांद्यालाच चालला. ह्यांनी साक्षीला उभं राहून बंडीवाल्याकडे बोट दाखवलं आणि त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. नोकरीच ती. मग त्याची पाळी आली. हा साक्षीदार तुझ्या घरी खोट्या नावानं राहिला, ते नाव सगळ्यांसमोर सांग म्हणजे त्याची साक्ष कच्ची पडेल, असं त्याच्या वकिलानं त्याला पढवून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "हा तुझ्याकडे कोणत्या नावानं राहत होता?" तो म्हणाला, "तो माहा महाप्रसाद आहे साहेब. त्याचं नाव मी घेत नाई." वकिलानं कपाळावर हात मारला. नाव खोटं होतं हे बंडीवाल्यालाही एव्हाना कळलेलं होतं, तरी घेतलं नाही. त्याला शिक्षा झाली.

त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसून रडले. मला दया यायला हवी होती, आला राग. म्हटलं, "तुमच्या रडण्यानं त्याच्या बायकोची चूल पेटन का? बंडी जप्त, बैल जप्त, माणूस आत. यंदा धानाची रोवणी कोण करन तिची?"

आषाढात ह्यांनी रजा काढली आणि आम्ही दोघं त्या गावी गेलो. बाईनं ह्यांना ओळखलं आणि तोंड फिरवून ती घरात गेली. आम्ही तिच्या धानाच्या बांधीत उतरलो. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या चिखलात वाढलेली मी. ह्यांची ओळ मात्र नुसती नागमोडी. दुसऱ्या दिवशी ती बाई माझ्या शेजारी येऊन वाकली आणि ह्यांनी लावलेलं उपटून पुन्हा नीट लावू लागली.

पुढच्या रोवणीला गेलो तेव्हा बंडीवाला सुटून आला होता. ह्यांनी चिखलाच्या हातांनी त्याला 'महाप्रसाद' म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "माहा महाप्रसाद मीठ विकत होता. तो मेला. तुमाले मी ओळखत नाई, शिपाईभाऊ. आले आहा त जेवून जा."

परतताना मी धुमसत होते. एवढं करूनही माफ केलं नाही म्हणजे काय! हे म्हणाले, "माफी मागाले कोण गेलं होतं? रोवणीले गेलो होतो." ह्यांनी साध्या वेशातलं काम सोडलं, बढतीवर पाणी सोडलं, पण रोवणी सोडली नाही. दर वर्षी जायचो, राबायचो, जेवायचो. 'शिपाईभाऊ'च्या पुढं गोष्ट गेली नाही.

मग एका वर्षी बंदोबस्तामुळं रजाच मिळाली नाही. श्रावणातल्या एका दुपारी दार वाजलं. पाहते तर बंडीवाला. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. ज्या लाईनीत घरटी एक पोलीस, तिथं हा तुरुंगातून आलेला माणूस शिपाईभाऊचं घर दारोदार विचारत आला होता.

"यंदा काऊन नाई आले, बाई?" तो म्हणाला. "आमी वाट पाहून राह्यलो."

मी त्याला पाट दिला, पाणी दिलं, आणि डोळे पुसत ह्यांना बोलवायला ठाण्याकडे धावत सुटले.