माठाचे डॉक्टर

आख्ख्या नागपुरात, लोकांच्या घरात न विचारता शिरून त्यांच्या माठात कोपरापर्यंत हात घालायचा हक्क फक्त एकाच माणसाला होता, आणि तो माणूस म्हणजे आमच्या कुंदाचे साखरेचे डॉक्टर. शरीरातल्या ग्रंथींचं मोठं शिक्षण साहेबाच्या देशात जाऊन घेऊन आलेले हे गृहस्थ मे महिन्यात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा वेळी, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, एका खिशात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा घेऊन सायकलवर दारोदार फिरायचे. नवख्या माणसाला वाटायचं, दरोडेखोर आला. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही. "माठ कुठी आहे?" एवढंच विचारायचे, शर्टाची बाही वर सारायचे, हात आत घालायचे, डोळे मिटून तीसपर्यंत मोजायचे आणि "हं. गार आहे," म्हणून बाहेर. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. आणि पोरगी कशी आहे, हे एका शब्दानं विचारायचे नाहीत. मला या गोष्टीचा फार राग यायचा. अहो, आजारी माठ आहे का पोरगी?

ही माठाची भानगड अशी. कुंदा नऊ वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. जेवायची दुप्पट, पाणी प्यायची चौपट. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका, आणि कुंदा माझ्याच शाळेत. तासाला दोनदोनदा बाहेर जाते म्हणून तिच्या वर्गाच्या बाईंनी माझ्याकडे तक्रार केली, आणि मी, तिची सख्खी आई, तिला पाणी पिण्यावरून रागावले. शाळेत तरी कमी पी म्हटलं. घरी मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली, तर सासूबाईंनी रॉकेल ओतलं. शेवटी पोर शाळेच्या व्हरांड्यात कोसळली, तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही धंतोलीत या डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी तिचा श्वास हुंगला, जीभ पाहिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पोरगी पाणी पिते म्हणून रागावल्या तुम्ही. काहून पिते, हे कोणी विचारलं का?" मी मान खाली घातली. खरं सांगू, ती अजून पुरती वर आलेली नाही.

रोज सुई, आणि तीही जन्मभर, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तेरा वर्षं माझी सकाळ एकच होती. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. साखर पाहायला लघवीचे आठ थेंब निळ्या औषधात घालून काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळंच राहिलं तर दिवस बरा, हिरवं झालं तर चालेल, विटकरी झालं की साखर चढलेली. मग सुई, मग मोजून भाकर, मग डबे, मग शाळा, आणि तिथे पन्नास पोरींचे पाढे. मी दमले हो. पण दमले असं म्हणायची सोय नव्हती, कारण ज्या पोरीला सुई टोचायची ती गुपचूप दंड पुढे करायची, मग टोचणारीनं कोणत्या तोंडानं दमायचं?

त्यात नागपूरचा उन्हाळा. "इन्सुलिन उन्हानं मरते, बाई," डॉक्टर म्हणाले. "दिसते तसंच, पण मरते. बाटलीवर काही लिहून येत नाही." फ्रीज तेव्हा आमच्या हनुमाननगरात एकाच घरी होता, आणि त्या घरचे लोक तो बैठकीत ठेवून त्यावर फुलदाणी मांडत. डॉक्टरांचा उपाय स्वस्त होता. मोठ्या माठात ओली रेती, रेतीत छोटं मडकं, मडक्यात कापडात गुंडाळलेली बाटली, वर ओलं फडकं, आणि सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी. 'औषध थंड जागी ठेवा' असं मात्र ते चुकूनही म्हणायचे नाहीत. उलट दुसऱ्या कोणी म्हटलं तर भडकायचे. एकदा त्यांच्या दवाखान्यात एका औषधविक्रेत्यानं नेमके तेच शब्द उच्चारले. "थंड जागा म्हणजे कोणती गा? मे महिन्यात नागपुरात थंड जागा कुठी आहे? चाल, दाखव मले!" असं म्हणत डॉक्टर त्याला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन गेले आणि उन्हात उभं केलं. आम्ही सगळे पेशंट खिडकीतून पाहात होतो. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढ्याशा शब्दाचा एवढा संताप कशाला?

पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी औषधाचा समजून सरळ पिण्याच्या माठात हात घातला. सासूबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या. नळाला दिवसातून एकदा पाणी यायचं, तरी त्यांनी उठून तो भरलेला माठ अंगणात उपडा केला आणि डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "काहून गा, एवढा मोठा डॉक्टर झाला, हात धुवाले नाही शिकवलं का तुले तिकडं?" मी लाजेनं अर्धी झाले. डॉक्टर म्हणाले, "चुकलं, माय." मग दुपट्ट्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या विहिरीवरून दोन खेपा करून माठ भरून दिला. त्या दिवसापासून सासूबाई त्यांना 'पाण्याचा डॉक्टर' म्हणायला लागल्या. आम्ही 'माठाचे डॉक्टर' म्हणायचो. त्यांच्या दवाखान्यावरची पाटी मात्र तिसरंच काही सांगायची.

पाटी मराठीतच हवी हा त्यांचा हट्ट. 'ग्रंथितज्ज्ञ' असं लिहायचं होतं. पेंटरनं एक वेलांटी खाल्ली आणि पाटी झाली 'ग्रंथतज्ज्ञ'. झालं. महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांतून म्हातारे लोक फाटक्या पोथ्या घेऊन यायला लागले. एका आजोबांच्या पोथीतलं शेवटचं पान हरवलं होतं, पुढे काय झालं ते सांगा म्हणाले. डॉक्टरांनी पोथी बाजूला ठेवली. "पोथीतलं मले समजत नाही, बाबाजी. पण तुमच्या गळ्यातलं समजते. बसा." आजोबांच्या गळ्यात खरंच गाठ निघाली, वेळेवर उपचार झाले. मग डॉक्टर पाटी दुरुस्तच करेनात. म्हणायचे, "बरोबर लिवली असती तर हा माणूस आला असता का?"

गळा हा तर त्यांचा छंदच. समोरचा माणूस बोलत असला की ते त्याच्या डोळ्यांकडे न पाहता गळ्याकडे पाहायचे. आमच्या ओळखीतल्या एका लग्नात यांनी पंगतीत वाढायला आलेल्या नवरीच्या बापाला सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरीचा गळा दाखवून जा एकदा." वरपक्षाचे कान टवकारले. केवढा गोंधळ! नवरीची आई रडायला लागली, मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्या पोरीला सगळे आळशी म्हणायचे, झोपाळू म्हणायचे, आणि तो आळस नव्हता, तिच्या गळ्यातली ग्रंथी मंदावली होती. रोजच्या एका गोळीवर पोरगी सहा महिन्यांत टवटवीत झाली. तरी तिच्या घरचे डॉक्टरांना पुढच्या कोणत्याही लग्नाला बोलवायचे नाहीत. पथ्य सांगायची पद्धतही अशीच. तोंडी काही नाही. वर्तमानपत्रावर ताटली ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचे, कातरून तो कागद हातात द्यायचे. "ही तुमची भाकर. याच्यापेक्षा मोठी झाली तर कातरीनं कापा." आमच्या स्वयंपाकघरात ती कागदाची भाकर खिळ्याला टांगलेली असायची, आणि सासूबाई तिला पाहून रोज नव्यानं उसासा टाकायच्या. सासूबाई पोरीला कारल्याचा रस पाजायच्या, तेही डॉक्टरांना चालायचं. "पाजा माय. फक्त सुई बंद नका करू."

एकदाच मी त्यांच्यापुढे फुटले. कुंदा बारा वर्षांची असेल. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सगळ्या जगाला रविवार असतो, मला नाही." पुढच्या रविवारी सकाळी सहाला हे महाशय दारात! "तुम्ही झोपा. आज सुई माह्याकडे." मी खरंच आडवी झाले. आणि स्वयंपाकघरातून टण्णकन आवाज आला. साऱ्या नागपूरला सुई टोचायला शिकवणाऱ्या या माणसानं उकळती सिरिंज थंड पाण्यात बुडवली होती. तिचे दोन तुकडे. रविवार, औषधांची दुकानं बंद. सायकलवरून तीन दुकानदारांना घरी जाऊन उठवून तासाभरानं नवी सिरिंज घेऊन आले तेव्हा घामानं निथळत होते. कुंदा उपाशी बसून हसत होती. तिला हसताना पाहून मीही हसायला लागले, आणि मग का कोण जाणे, रडायला. ते खाली मान घालून सिरिंज उकळत बसले होते. "बाई, रडा," म्हणाले, "पण पाणी उकळेपर्यंतच. मंग सुई द्याची आहे."

कुंदाचं लग्न ठरायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आजाराचं बोलू नका. माझ्याही मनात पाप आलं, खोटं कशाला सांगू. डॉक्टर म्हणाले, "सांगा. सुई दाखवा, माठ दाखवा. पळाले तर आजच पळू द्या." दोन घरं पळाली. तिसरा, वर्ध्याचा एक शिक्षक, पळाला नाही. त्यानं माठ बारकाईनं पाहिला आणि विचारलं, "रेती रोज बदलावी लागते का?" मी तिथेच जावई पक्का केला. कुंदा सासरी गेली, मागोमाग तिची बाटली गेली, सिरिंज गेली, कागदाची भाकर गेली. मी सकाळी पाचला उठून नुसती बसून राहायचे. तेरा वर्षं जी कटकट वाटली, ती कटकट गेल्यावर हाताला काम सुचेना.

मे महिना आला. मला एकदम आठवलं, डॉक्टर येतील आणि माठ नाही दिसला तर? सांगता येत होतं की पोरगी वर्ध्याला आहे, पण माठावाचून कोरडाच परत जाणारा त्यांचा हात डोळ्यांपुढे आला आणि मला काही ते बघवेना. मी माठ काढला, रेती भिजवली, आणि एक जुनी रिकामी बाटली साध्या पाण्यानं भरून मडक्यात ठेवली. डॉक्टर आले. हात आत, तीसपर्यंत मोजणं, "हं. गार आहे." गेले. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. पोरगी माहेरपणाला आली आहे असं भासवून आपण एवढ्या हुशार माणसाला फसवतो आहोत, याची मला मनातून गंमत वाटायची.

चौथ्या वर्षी ते रिक्षानं आले. सायकल सुटली होती. माठातून हात काढला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. म्हणाले, "बाई, पोरगी वर्ध्याले, मंग बाटली इथं कशी राहीन? पहिल्याच वर्षी समजलं होतं मले."

मी ओशाळले. म्हटलं, "मग येता कशाला उन्हातान्हात? आणि एवढी वर्षं येता, पोरगी कशी आहे हे एकदा तरी विचारलं का तुम्ही?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग सांगितलं. इंग्लंडाहून आल्यावरची त्यांची पहिलीच लहान पेशंट, सावनेरकडची एक पोरगी. त्यांनी तिच्या आईला सांगितलं होतं, औषध थंड जागी ठेवा. उन्हाळ्यात त्या बाजूला गेले असताना मुद्दाम घरी गेले आणि दारातूनच हसत विचारलं, पोरगी कशी आहे? आईनं देवघराकडे हात केला. घरात सगळ्यांत थंड, सगळ्यांत चांगली जागा तीच, म्हणून बाटली तिथे ठेवलेली. हळदकुंकू वाहिलेली. आणि बाजूला अखंड दिवा. त्याच्या उबेनं औषध मेलं होतं, आणि मागोमाग पोरगी गेली होती.

"सुई रोज देत होती माय. एक दिवस नाही चुकली," डॉक्टर म्हणाले. "चुकी माही होती. माठ म्हणालो असतो तर झालं असतं. तवापासून पोरगी कशी आहे, हे तोंडातून निघतच नाही माह्या. म्हणून माठात हात घालतो. तुमच्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं, तर तुम्ही माठ भरला असता का?"

एवढी वर्षं मी या माणसावर रागावत होते, जशी कधी पाणी पिणाऱ्या पोरीवर रागावले होते. का, हे मी याही वेळी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचा मे महिना त्यांनी पाहिला नाही. दवाखान्यात आता दुसरं कोणी बसतं, पाटी बदलली आहे, नव्या पाटीवर वेलांटी बरोबर आहे. मी हे सगळं कुंदाला वर्ध्याला पत्रात लिहिलं होतं. तिनं त्यावर काही लिहिलं नाही. पण आता दर मे महिन्यात तिचं एक कार्ड येतं. खुशाली नाही, काही नाही. आख्ख्या कार्डावर एकच ओळ असते, 'आई, माठ गार आहे.' मी ते कार्ड वाचते, मग उठते आणि माझ्या माठाच्या रेतीवर तांब्याभर पाणी घालते.