धुवायचा राहिलेला पाय

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात. येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे धुतले होते, म्हणून. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, बारा पुरुष बसतात. फादर गुडघ्यावर येतात, तांब्यातलं पाणी ओततात, टॉवेलनं पुसतात आणि खाली वाकून त्या पायाला ओठ टेकवतात. फक्त उजवा पाय. दोन्ही धुवायला वेळ कोणाला आहे? आणि गंमत अशी की ज्याचं नाव त्या बारांत येतं, तो आठवडाभर पायच घासत बसतो. नखं कापतो, टाचेच्या भेगा बुजवतो, नवे मोजे आणतो. एक बहाद्दर तर राजापेठेतल्या सलूनमध्ये जाऊन पाय चकाचक करून आला होता. म्हणजे फादर धुतात ते धुतलेलेच पाय. मळका पाय घेऊन त्या खुर्चीवर बसायची आमच्याकडे कोणाची छाती नाही.

माझ्या बाबांना एकदा त्या खुर्चीवर बसायचं होतं. बस, एवढंच.

बाबा रेल्वेत गँगमन होते. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारा रूळ त्यांनी पायाखाली घातला, उन्हाळ्यात गिट्टी तापलेली असताना सुद्धा. रिटायर झाल्यावर शनिवारी चर्च झाडायचं आणि रविवारी घंटा वाजवायची, हे काम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी थँक्यूही म्हटलं नाही. बारा जण निवडायची वेळ आली की चर्चच्या कौन्सिलवाल्यांना बँकेतला साहेब आठवायचा, इंजिनिअर आठवायचा, नर्सबाईंचा नवरा आठवायचा. घंटा वाजवणारा आठवायचा नाही. बाबा घरी येऊन म्हणायचे, "पुढच्या साली." दर साली हेच.

मग शुगरनं पाय धरला. उजव्या अंगठ्याला काहीतरी टोचलं, त्यांना कळलंच नाही, आणि कळलं तोवर अंगठा काळा पडला होता. मी राजापेठेत क्लासमध्ये गणित शिकवते. सकाळी निघायच्या आधी आणि परत आल्यावर अंगणात त्यांची पट्टी बदलायची, हे माझं काम झालं. वास यायचा. खोटं कशाला बोलू, बाप असला तरी वास तो वासच. मी तोंडानं श्वास घ्यायची आणि त्यांच्यावर ओरडायची. ते माझ्यावर ओरडायचे. आई असती तर दोघांनाही गप्प केलं असतं, पण आई कोरोनात गेली.

आईचं सांगायला हवं. तेव्हा सख्खे नातेवाईक फोनवर रडले आणि घरात बसले. खड्डा खोदला तो पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्याच माणसांनी. आमच्या पॅरिश कौन्सिलचे सेक्रेटरी शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणतात. ते शेठ अंगावर प्लास्टिक चढवून, घामानं न्हाऊन, स्वतः फावडं मारत होते. माझी पंचाईत हीच आहे. या लोकांना तोंडभर शिव्या घालायला बसले की तो खड्डा आठवतो.

बाबांच्या आजारातही असंच. डबा यायचा, रोज वेगळ्या घरून. शेठ स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचे. सीटवर आधी प्लास्टिक अंथरायचे, पण न्यायचे. संध्याकाळी बाया रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणायला यायच्या. फाटकात उभ्या राहायच्या. अंगणात पाऊल कोणी टाकलं नाही. पदर नाकाला, मणी हातात, आणि "नमो मरिये" इतक्या भरभर की जणू गाडी सुटत होती. बाबा खाटेवरून मला विचारायचे, "काहून वं, आत काहून नाई येत या? वाघ बांधला हाय का इथं?" वर डब्यातली भाजी खाऊन म्हणायचे, "मीठ कमी हाय. देवाच्या नावानं देते आन मीठ वाचवते."

ईस्टरआधीच्या उपासकाळात डॉक्टरांनी सांगून टाकलं, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. ईस्टरनंतरचा मंगळवार ठरला. बाबा रडले नाहीत. परतताना बडनेऱ्याच्या पुलावर म्हणाले, "मले चर्चमध्ये ने."

फादर नवीन होते, दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले, पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि म्हणाले, "फादर, हा पाय जाऊन राहिला. जाच्या आंधी एक डाव गुरुवारी धुवा. मंग कापू द्या त्याहिले."

फादर म्हणाले, "अवश्य. आपण चिंता करू नये."

बाबा त्या दिवशी घरी येताना गुणगुणत होते. मी इतक्या महिन्यांत ते ऐकलं नव्हतं.

रविवारी कौन्सिलची मिटिंग झाली. संध्याकाळी फादर आणि शेठ घरी आले. फाटकातच थांबले. फादर जमिनीकडे बघत होते, बोलले शेठ. जखम उघडी आहे, पाणी उडेल, टॉवेल बाकीच्यांना लागेल, पहिल्या बाकावर लेकरं असतात, लोक काय म्हणतील. फादर म्हणाले, "मी आपल्या घरी येऊन पाय धुवीन. ईस्टरच्या सोमवारी. हे वचन आहे."

बाबा म्हणाले, "घरी तं माही पोरगी रोजच धुते. त्याच्यासाठी तुमी कायले पाह्यजे?"

शेठनी संत्र्याची पिशवी फाटकाला अडकवली. शुगरच्या माणसाला संत्री! मी ती पिशवी त्यांच्यामागे भिरकावणार होते, बाबांनी हात धरला.

तरी गुरुवारी बाबा जायचंच म्हणाले. मी शेवटच्या बाकावर दाराजवळ बसवलं, तिथे वारा होता. पट्टी ताजी बांधली होती, वर स्वच्छ पंचा गुंडाळला होता. तरी पुढच्या बाकावरचे लोक हळूहळू सरकत सरकत दुसऱ्या बाजूला गेले. मी बघत होते. बाबाही बघत होते.

बारा खुर्च्या मांडल्या. अकरा माणसं बसली. बारावा आलाच नाही. त्याची गाडी लेट होती म्हणे. फादर तांब्या घेऊन थांबले. शेठ उठले आणि माणूस शोधत मधल्या वाटेनं मागे यायला लागले. एकेका बाकाकडे बघत, मागे मागे, आमच्या दिशेनं. बाबांनी पंचा सोडायला हात घातला. खरंच सांगते, त्यांनी गाठ सोडली. देवाला मी त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं, चर्चमध्ये यायची ती बाबांना स्कूटीवर आणायला म्हणून. त्या क्षणी मागितलं. म्हटलं, एवढं कर. आयुष्यात परत तोंड उघडणार नाही.

शेठ आमच्या बाकापाशी आले. बाबांकडे बघितलं नाही. बाबांच्या मांडीवरून हात पुढे करून पलीकडे बसलेल्या पोरसवदा माणसाच्या खांद्यावर ठेवला. "चला दादा, एक माणूस कमी आहे." तो अकोल्याचा पाहुणा होता, मावसभावाकडे आलेला. आमच्या पॅरिशचा सुद्धा नव्हता. "मी? अहो, मी नाही," म्हणत तो ओढला गेला.

बारावी खुर्ची. पाहुण्यानं बूट काढला. मोज्याला भोक, आणि पाय असा काळाकुट्ट, दिवसभराच्या धुळीचा आणि घामाचा, की तांब्यातलं पाणी खाली परातीत चहासारखं पडलं. फादरही जरा दचकले. इतक्या वर्षांत आमच्या चर्चमध्ये मळका पाय पहिल्यांदाच आला होता.

बाबा हसायला लागले. पंचाची गाठ परत बांधत, खांदे हलेपर्यंत हसले. "चाला," म्हणाले, "एकाचा तरी धुवाच्या लायक निघाला."

त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा शेठचाही आला नाही.

शुक्रवारी ताप चढला. संध्याकाळी बाबा भलतंच बोलायला लागले, रुळावर उभ्या असलेल्या कोणाला तरी बाजूला व्हायला सांगत होते. मंगळवार, सोमवार, वचन, सगळं राहिलं बाजूला. शनिवारी सकाळी पाय कापला.

आता कापलेल्या पायाचं काय करायचं? दवाखान्यात जाळून टाकतात. पण बाबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "फेकू देजो नोको. तुह्या मायजोळ नेऊन पुर." आमच्यात कापलेला अवयवही मातीला देतात, शेवटच्या दिवशी सगळं अंग परत उठायचं असतं. मी सही करून तो ताब्यात घेतला. पिवळ्या पिशवीत, पिशवीवर पिशवी. हातात घेतल्यावर किती जड होता! मी शेठना फोन केला. दुसऱ्या कोणाला करणार होते?

बघता बघता कब्रस्तानात माणसं जमली. रोझरीच्या बाया, कौन्सिलवाले, चकाचक पायांचे ते सगळे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर दवाखान्यात बाबांजवळ बसल्या. आईच्या शेजारी कोणीतरी खड्डा खणूनही ठेवला होता. एवढ्याशा पेटीसाठी सुतार कुठे मिळणार, म्हणून शेठनी गोदामातून संत्र्याची पेटी आणली होती, आत नवं पांढरं कापड अंथरून. पाय तिरका ठेवावा लागला. मेणबत्त्या होत्या, झेंडूची फुलं होती. पवित्र शनिवारी रात्रीपर्यंत घंटा वाजत नाही, मिस्सा होत नाही, पण गाणं झालं. बाया रडल्या. नाकाला पदर नव्हता, पिशव्या घट्ट बांधल्या होत्या ना. शेवटी फादरनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं.

तिथे माझं डोकं फिरलं.

"झालं?" मी ओरडले. "धुतला? जित्या पायाला एक थेंब देववला नाही तुम्हाला, आणि मेलेल्याला गाणं म्हणता? माझा बाप दाराजवळ गाठ सोडून बसला होता! शेठ, तुमचा हात त्याच्या मांडीवरून गेला, मांडीवरून! लाज कशी वाटली नाही?" अजून बरंच बोलले. बायांच्या पदरांवर बोलले, डब्यातल्या मिठावर बोलले. माझा आवाज क्लासमध्ये मागच्या बाकापर्यंत जातो, तिथे रस्त्यापर्यंत गेला असेल. मला वाटलं होतं, माणसं निघून जातील. कोणी गेलं नाही. खाली मान घालून सगळे उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फादर रडत होते.

शेठ खड्ड्याच्या कडेला बसले आणि हातानं माती लोटायला लागले. "ताई," म्हणाले, "मलेही शुगर हाय. तुह्या बाबाच्या पायाकडे पाह्यलं का मले माहा पाय दिसे. मले पाहावतच नव्हतं."

मीही बसले आणि माती लोटली. मग सगळ्यांनीच लोटली. माझा देवावर विश्वास बसला असेल तर त्या मातीत बसला, आणि तो गोडीगुलाबीचा नव्हता. या माणसांपासून माझी सुटका नाही आणि त्यांची माझ्यापासून नाही, एवढंच मला कळलं. आईलाही यांनीच पुरलं होतं, बाबांनाही हेच पुरणार, आणि मलाही.

बाबा घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. पेटीचं ऐकून विचारलं, "आंबिया का मृग?" कोणत्या बहाराची संत्री होती त्या पेटीत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

पुढच्या उपासकाळात एके सकाळी शेठ आले. फाटकात थांबले नाहीत. थेट आत येऊन बाबांच्या खाटेसमोर स्टुलावर बसले. मला वाटलं, बारा जणांत नाव घातल्याचं सांगायला आले. नाव खरंच घातलं होतं. तेही सांगितलं त्यांनी. बाबा म्हणाले, "उजवाच धुता न तुमी? उजवा तिकडं हाय. तिकडं जाऊन धुवा." शेठ हसले नाहीत. वाकून बूट काढला, मग मोजा. करंगळीशेजारचं बोट निळं-काळं पडलं होतं, मधून पाणी सुटलं होतं.

"घरी नाई सांगतलं," ते म्हणाले. "ताई, तुले येते ना हे करता?"

मला आनंद झाला. लपवून काय करू? पोटातून वर आला तो आनंद, गरम, आणि तोंडावर दिसला असणार, कारण शेठनी नजर खाली घातली.

"पानी ठेव," बाबा मला म्हणाले. "आन तोंड सरळ कर."

मी पाणी उकळलं, निववलं, औषध घातलं, घमेलं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि ज्या हातांनी बाबांचा पाय धुवायची त्याच हातांनी त्यांचा धुतला. मुद्दाम हळुवार धुतला नाही. शेठ दात आवळून बसले होते. पट्टी बांधून झाल्यावर त्यांना आजच्या आज डॉक्टरकडे जायला सांगितलं. बूट घालायला ते वाकले, तोवर बाबांनी खाटेवरून आपला डावा पाय पुढे केला. सरळ शेठच्या तोंडासमोर.

"शेठ, हा उरला हाय. का हाबी पेटीत गेल्यावरच याल?"

मी म्हटलं, बाबा, राहू द्या. कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. शेठ स्टुलावरून उतरले, पट्टीचा पाय बाजूला सांभाळत फरशीवर गुडघे टेकले. तांब्यात पाणी उरलं होतं ते ओतलं. टाच धुतली, घोटा धुतला. पुसायला काही नव्हतं, मग खिशातला रुमाल काढला. पाय पुसला आणि वाकून ओठ टेकवले, फादर टेकवतात तसे. किती वेळ वर बघितलंच नाही.

बाबांनी पाय मागे घेतला नाही. बोटं फाकवली.

"बोटाच्या मंधात पानी राह्यलं," ते म्हणाले. "तेथचं पूस. तेथूनच सुरुवात होते."