सतरावर थांबलेला भागाकार

डोंबिवलीतल्या माझ्या गणिताच्या क्लासात फळ्याच्या वर भिंतीवर मी एक संख्या रंगवून घेतली होती: ५१०५११. खाली लिहिलं होतं, ‘हिला भाग देऊन दाखवा.’ पहिल्या दिवशी मी मुलांना सांगायचो, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या मूळसंख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. आता यांतल्या कुणीही भाग द्या, बाकी एकच उरणार. म्हणजे हीसुद्धा मूळसंख्या! मुलं माना डोलवायची, आणि मी दरवर्षी नव्याने खूश व्हायचो.

नववीतली एक मुलगी मात्र वहीत भागाकार मांडत बसली. चाळीतलं बौद्ध कुटुंब, वडील केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्याच आठवड्यात मला ऑलिंपियाडच्या खास बॅचसाठी एक नाव द्यायचं होतं. ते तिचंच असणार, हे सगळा वर्ग धरून चालला होता.

“सर, एकोणीसने जातो. बाकी शून्य.”

मागून कुणीतरी हसलं आणि मला ते झोंबलं. वही न बघताच मी म्हणालो, “सिद्धता कळली नाही की अशी आकडेमोड सुचते. तुम्हा लोकांचा पायाच कच्चा.” ‘तुम्हा लोकांचा’ म्हणजे कुणाचा, ते मला ठाऊक होतं. तिलाही. ती खाली बसली.

दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर मी भागाकार केला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर, बाकी शून्य. पुढे तीही फुटली: सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर. सतरापर्यंत भाग जात नाही, एवढंच माझं खरं होतं. त्यापुढे इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावून भिंत पांढरी करून घेतली. पडलो तरी नाक वर! बॅचसाठी दुसऱ्याच मुलाचं नाव दिलं. ती यायची बंद झाली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

परवा ठाण्यात माजिवड्याला डोळ्यांच्या दवाखान्यात तिचे वडील भेटले. त्यांनीच ओळख दिली. मी मुलीचं विचारलं.

“गणित सोडलं तिने. कॉमर्स केलं, आता ऑफिसात आहे,” ते म्हणाले. “तेव्हा लय रडलेली, सर. वहीत पण बाकी शून्य, फोनवर भागून बघितलं तरी शून्य. बोलली, पप्पा, तुम्ही येऊन सरांना वही दाखवा ना. मी बोललो, अगं, सर कशाला चुकतील? तुझंच काहीतरी चुकलं असणार.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिचंच चुकलेलं ना, सर?”

एकोणीसने भाग जातो, एवढंच सांगायचं होतं.

“जुनी गोष्ट झाली हो ती,” मी म्हणालो.

त्यांनी मला हात जोडले.