आबांचा गुडघा आणि येळवशीची बिंदगी

गुडघ्यात इंजेक्शन घेतल्यावर माणसानं थोडे दिवस पायाला आराम द्यावा, एवढी साधी गोष्ट. माझ्या वडिलांना, आबांना, ती कळत नाही असं नाही. पटत नाही.

मी लातूरला राहते, आबा चाकूरजवळच्या गावात. उजव्या गुडघ्याची झीज इतकी झाली होती की बाजेवरून उठताना भिंत धरावी लागायची. मागच्या हिवाळ्यात मीच त्यांना लातूरच्या डॉक्टरांकडे नेलं. सुई टोचण्याआधी डॉक्टरांनी बजावलं, "हे स्टेरॉइड आहे. सूज उतरेल, दुखणं थांबेल. झीज भरून येणार नाही. आणि हे सारखं सारखं देता येत नाही. गुडघा जपा." आबांनी गुणी पोरासारखी मान हलवली.

आठवडाभरात दुखणं पळालं, आणि त्याच्या मागोमाग आबांची अक्कल. पारावर बसून सांगायचे, "ग्रीस भरलं बगा गुडघ्यात. मोटार नवी झाली."

त्यातच येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे अख्खं घर शेतात जेवायला जातं, आणि घरधनी आंबिलीनं भरलेली मातीची बिंदगी लक्ष्मी मानून डोक्यावर घेऊन पायी निघतो. पुण्याहून भाऊ आला होता. त्यानं बिंदगी गाडीच्या डिकीत पोत्याचा टेकू देऊन ठेवली. आबांनी ती बाहेर काढली.

"लक्ष्मी डिकीत बसून जाती व्हय?"

"मग मी नेतो," भाऊ म्हणाला.

"तू निम्म्या वाटंत फोन काढशील."

"आबा, डॉक्टर काय म्हणाले होते?" मी ओरडले.

"डॉक्टरच्या घरी येळवस हाय का?"

डोक्यावर घोंगडं, त्यावर बिंदगी, आणि आबा ढेकळं तुडवत पुढं. आम्ही मागून बोंबलत. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला होता.

पुन्हा लातूर. डॉक्टर म्हणाले, इतक्यात दुसरं इंजेक्शन नाही, ऑपरेशनचा विचार करा. "कशानं दुखावला?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडे बोट केलं, "हिच्या गाडीत बसून आखडला." मी कपाळावर हात मारून घेतला.

ऑपरेशनचं नाव काढलं की आबा अजूनही विषय सोयाबीनवर नेतात.

यंदा येळवशीला भावाला सुट्टी मिळाली नाही. आबांना तर उंबरा ओलांडायलाही काठी लागत होती. ओसरीत बसून ते नुसते बिंदगीकडे बघत होते. शेवटी घोंगडं मीच डोक्यावर घेतलं. आमच्या घरात बाईनं बिंदगी कधी नेलेली नाही. आबा भांडतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

नवऱ्यानं त्यांना गाडीत बसवलं. मी पुढं पायी, गाडी मागून हळूहळू. जरा अंतर गेल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून आबा ओरडले, "दमानं चाल, माय! गुडघ्याला जप!"

असा संताप आला की डोळे भरून आले. दोन्ही हात बिंदगीला होते, पुसताही येईनात.