कळीचा चुना

फुलसिंगच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. फुलसिंगच्या वाट्याला वणीजवळची चुन्याची भट्टी आली. भाजलेल्या दगडाची कळी तो उपसायचा आणि त्याची बायको जमनी हौदात पाणी सोडून ती विरवायची. कळीला पाणी लागलं की ती तडतडते, फुगते, खाली जाळ नसताना हौद उकळायला लागतो, हे जमनीचं रोजचं बघणं. एकदा तिच्या ओल्या टाचेखाली कळीची भुकटी आली होती. ती जखम भरायला सारा पावसाळा गेला.

एकसष्ट सालच्या चैत्रात, भर दुपारी भट्टीच्या तोंडाशी वावटळ उठली. फुलसिंगच्या टोपल्यातली भुकटी उडून थेट त्याच्या डोळ्यांत गेली.

"याडी वो!" आईला हाक मारत तो खाली बसला. "जमनी, पाणी! डोयात पाणी टाक!"

जमनीजवळ भरली घागर होती. ती धावत आली, घागर कलती केली, आणि तिला तो उकळता हौद आठवला. हात जागीच थांबला.

"पाणी नोका मागू! कळी उकयते पाण्यानं, डोये शिजतीन तुमचे!"

"जळून राह्यलो न मी! टाक!"

तिनं घागर बाजूला ठेवली. हातपाय झाडणाऱ्या नवऱ्याला दाबून धरलं, शिदोरीतलं तेल त्याच्या डोळ्यांत ओतलं, वरून ओढणी बांधली. मग कोळशाच्या ट्रकवाल्याचे पाय धरून त्याला वणीच्या दवाखान्यात नेलं.

कंपाउंडर वामनरावांनी पापण्या उलटून पांढरे कण वेचले आणि कितीतरी वेळ डोळ्यांवर पाण्याची धार धरली. मग विचारलं, "बाई, तिथंच पाणी का नाही टाकलं?"

"सायेब, पाण्यानं कळी उकयते ना."

"थोड्या पाण्यानं उकळते. सारी घागर ओतली असती तर चुना वाहून गेला असता, त्याची आगही गेली असती. डोळा मुळातच ओला असतो, बाई. चुन्यानं तीच ओल धरली. बुबुळाची वीण नीट असते म्हणून त्यातून उजेड आत जातो. ती वीणच मोडली आता."

वामनराव रागावले नव्हते. रागावले असते तर जमनीला रडता तरी आलं असतं.

दोन्ही बुबुळं दह्यासारखी पांढरी झाली. जमनीनं वैदू केले, अंगारे लावले. शेवटी फुलसिंगला कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या कुंडावर नेऊन ती त्याच्या डोळ्यांवर ओंजळीनं पाणी सोडू लागली.

"आता कायले टाकून राह्यली?" फुलसिंगनं विचारलं.

तिची ओंजळ गळून रिकामी झाली.

मग ती एकटीच भट्टीवर जाऊ लागली. दुसरं काम मिळत नव्हतं. फुलसिंग तांड्यात भावाच्या, डोंगरसिंगच्या ओसरीवर दोर वळत बसे. भाकरीबद्दल, गुरांबद्दल तो बोले. त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही. एका संध्याकाळी जमनीनं त्याचे गुडघे धरले.

"मारा मले. शिव्या द्या. पण काही बोला."

त्यानं चाचपून तिचे हात बाजूला केले.

"बोलून डोये येतीन काय? वाख दे इकडं."

तिनं अंबाडीचा वाख त्याच्या हातात दिला आणि चूल पेटवायला उठली.