तप्पु नंदु

नंदूचं नाव नंदू नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर तो पांडुरंग राव होता, विठ्ठलाच्या देवळातल्या भजनी मंडळात पांडू होता, आणि बायकोच्या तोंडी नुसताच 'अहो'. नंदू हे नाव आमच्या घरात पडलं, तेही त्याच्या एका वाक्यावरून. काहीही सांडलं, फुटलं, बिघडलं की हा मान जराशी तिरकी करून म्हणायचा, "तप्पु नंदु." कन्नडमध्ये नंदु म्हणजे माझं. चूक माझी. पुण्याहून आलेले आमचे पाहुणे त्याला नंदकुमार समजून 'या नंदकुमार, बसा नंदकुमार' करायचे. त्यानं त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. तसं केलं असतं तर चूक त्यांची ठरली असती ना!

आमचं घर म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमचं. मागच्या अंगाला एक गॅरेज होतं, मोटार कधीच नव्हती. माझा धाकटा भाऊ श्रीधर कॉलेजात गेला आणि त्या गॅरेजात त्यानं रॉक बँड काढला. श्रीधर गायचा, सूरी गिटार वाजवायचा आणि नंदू ड्रम. तिघं तलकाडला सहलीला जाऊन मनसोक्त वाळूत लोळून आले आणि बँडचं नाव ठेवलं 'द ड्यून्स'. आमचे अप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वाळूचं नाव ठेवलंय. बघू किती दिवस टिकतंय." सूरी कन्नड घरातला, त्यामुळे गॅरेजात बोलणं कन्नडमध्ये चाले, भांडण इंग्रजीत, आणि खायला मागायचं ते मराठीत, कारण ते माझ्या आईकडे मागायचं असे. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात गणित शिकवायला लागले होते. खिडकीतून "हळू वाजवा रे मेल्यांनो!" असं ओरडणं हे माझं संध्याकाळचं काम.

एकदा श्रीधरनं गाता गाता उडी मारली ती थेट फळीवर. आईची लोणच्याची बरणी खाली आली. नंदू त्या वेळी अंगणातल्या नळावर पाणी पीत होता. ओल्या तोंडानंच धावत आला आणि आईनं "कुणी रे?" म्हणायच्या आत म्हणाला, "तप्पु नंदु, अम्मा."

"अरे, तू तर बाहेर होतास की!"

"हौदु, होतो की. मी पाणी प्यायला गेलो म्हणून तर ह्याचा ताल सुटला."

आईला हसू फुटलं. लोणचं गेलं ते गेलंच, पण त्या दिवशी कुणी बोलणी खाल्ली नाहीत. दुसऱ्या एका वेळी कॉलेजच्या गॅदरिंगला ऐन गाण्यात वीज गेली आणि पोरांनी आरडाओरडा सुरू केला. काळोखात नंदू पुढे आला आणि घसा ताणून ओरडला, "तप्पु नंदु!" सगळा हॉल हसला, आणि वीज येईपर्यंत गुमान बसून राहिला.

मला मात्र त्याचा राग यायचा. माझा धंदा चुका शोधण्याचा. ज्याची चूक त्याच्या पदरात घालावी, लाल शाईनं खूण करावी, हे माझं मत. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, उद्या चामुंडी बेट्ट, ती अख्खी टेकडी, जागची हलली तर तीही तूच हलवलीस म्हणशील!"

"हलू तर दे की, अक्का. मग बघू."

त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम. विठ्ठलाच्या देवळामागच्या गल्लीत दुकान, सकाळपासून मशीन, आणि एकादशीला देवळात भजन. नंदू पखवाज शिकला तो तिथंच, आणि ड्रमवर हात बसला तो पखवाजामुळे. 'तप्पु नंदु'चं मूळही दुकानातलंच, हे त्यानं मला एकदा समजावून सांगितलं. "अक्का, गिऱ्हाईक मागच्या वर्षीचा ब्लाउज घेऊन येतंय. होत नाही म्हणतंय. आता तुम्ही फुगलात असं शिंप्यानं म्हणायचं असतंय काय? माप घेताना माझंच चुकलं, म्हणायचं. आत माया ठेवलेली असते. ती उसवायची, सोडायची. मुगीतु, संपलं."

शिवणीच्या आत जादा कापड दाबून ठेवतात, पुढे कधी कपडा मोठा करायला लागला तर असावं म्हणून. त्याला शिंपी माया म्हणतात. मला हा शब्द तोवर ठाऊक नव्हता. मी नंतर स्टाफरूममध्ये दोघीचौघींना मुद्दाम सांगितला.

'द ड्यून्स' तीनेक वर्षं गाजले. गाजले म्हणजे म्हैसूरच्या कॉलेजांत. त्यांचं स्वतःचं असं एकच गाणं होतं, बेळगोळच्या रस्त्यावर मोटरसायकल सुसाट सोडण्याचं. काय त्याचा वेग! शब्द इंग्रजी होते आणि फार काही नव्हते, पण ते सुरू झालं की पोरं खुर्च्यांवर चढायची. मग श्रीधर अमेरिकेला गेला, सूरी त्याच बेळगोळच्या रस्त्यावर एका कारखान्यात नोकरीला लागला, आणि नंदू दुकानात बसला. सूरीचं आमच्या घरी येणं मात्र चालूच राहिलं. उगादीला, म्हणजे पाडव्याला, पुरणाच्या होळिगे खायला तो आमच्याकडेच. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिचा मुलगा समुद्रापलीकडे, आणि रात्रंदिवस उशाशी बसला तो सूरी. माझे भाऊ दोन होते असंच मी धरून चालले होते.

आणि मग कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना लहर आली, 'द ड्यून्स'ना पुन्हा उभं करायचं. श्रीधर अमेरिकेहून आला तो कार्यक्रमाच्या अगदी तोंडावर, आणि पोट घेऊन. सरावाला असा वेळ मिळालाच नाही. नंदूनं स्वतः शिवलेले तिघांचे जुने मखमली कोट जपून ठेवले होते. श्रीधरनं कोट चढवला, बटण काही लागेना. नंदू जवळ गेला, कोटाची कड उलटून बघितली आणि म्हणाला, "तप्पु नंदु. तेव्हा माप घेताना चुकलं." माझा भाऊ वीस वर्षांचा असताना घेतलेलं माप! दुसऱ्या दिवशी कोट आला तो अगदी बसता. माया भरपूर ठेवली होती पठ्ठ्यानं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. टकलं पडलेले, चष्मे लागलेले, बायकामुलांना ओढून आणलेले लोक. 'बघा, आम्ही काय होतो ते' हे दाखवायला आले होते बिचारे. पहिली दोन-तीन गाणी दुसऱ्यांची होती, ती बरी झाली. मग मोटरसायकलीचं गाणं सुरू झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं कडवं वेगात गेलं. दुसऱ्या कडव्यापासून काय बिनसलं कोण जाणे, गिटार पुढे, गाणं मागे, आणि ड्रम ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. खुर्चीवर चढायला निघालेला एक गृहस्थ अर्ध्यावरून खाली बसला. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी बायकोला म्हणालं, "मोटरसायकल बंद पडलीय. ढकलत नेताहेत." मीही हसले. हसू आलं, काय करणार?

स्टेजमागे गेले तर दोघांची जुंपलेली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आधी माइकवर झालं, मग हॉलवर, आणि शेवटी दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडायला घेतलं. श्रीधर म्हणाला, "हा नुसता पळत होता! थांबायचं नावच नाही." सूरी म्हणाला, "मी ठरलेल्या वेगात होतो. तू मागे पडत होतास. दोन दिवस आधी येतोस, सराव नको, काही नको, आणि आम्ही तुला ओढत न्यायचं?" मग श्रीधर जे बोलू नये ते बोलला. म्हणाला, "आयुष्यभर माझ्या घरात माझी जागा घेऊन बसलास. आता स्टेजवरची पण घे!"

त्याच क्षणी नंदू मध्ये पडला. "तप्पु नंदु," तो म्हणाला. "निजवागलू, खरंच, तप्पु नंदु."

"तू गप्प रे!" दोघं एकदम ओरडले. त्या संध्याकाळी ते दोघं एकत्र आले ते एवढ्याच एका वेळी. सूरी गिटार तिथेच टाकून निघून गेला.

त्यानंतर सूरी आमच्या घरी आला नाही. उगादीला मी होळिगे केल्या आणि पाठवल्या, तर डबा धुऊन परत आला, सोबत निरोप नाही. नंदूनं मात्र हाय खाल्ली. सूरीच्या घरी जाऊन बसायचा, अमेरिकेला फोन लावायचा, दोघांना एकच सांगायचा, लय मी बिघडवली, तुम्ही नाही. मी श्रीधरला म्हटलं, "अरे, तो एवढं सांगतोय तर ऐक की." श्रीधर म्हणाला, "अक्का, रोज मरे त्याला कोण रडे? लोणच्याची बरणीसुद्धा त्यानंच फोडली होती." सूरीनंही साधारण हेच म्हटलं, फक्त कन्नडमध्ये.

पुढे श्रीधर अमेरिका आवरून म्हैसूरला परतला. म्हणजे दोघं आता एकाच गावात होते, एकाच भाजीबाजारात जात होते, आणि एकाला दुसरा दिसला की रस्ता बदलत होते. पांढऱ्या केसांची माणसं! मला दोघांचीही कीव यायची आणि दोघांना दोन धपाटे घालावेसे वाटायचे.

नंदूच्या छातीचं दुखणं बळावलं तेव्हा मी त्याला भेटायला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉटवर पडून होता. पुढे त्याच्या मुलाची मशीन चालू होती. माझी चौकशी झाली, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग त्यानं विचारलं, "अक्का, तुम्ही तरी खरं सांगा. त्या दिवशी चूक कुणाची?"

मी शिक्षिका. मी म्हटलं, "तुझी. दुसऱ्या कडव्याला लय तू पाडलीस. मी समोरच बसले होते."

तो इतका खूश झाला की उठूनच बसला. "बघा! कुणालातरी पटलं की!"

"पण पाडलीस कशाला?"

तो हळूच म्हणाला, "श्रीधरचा दम पुरेना, अक्का. पहिल्याच कडव्यात मागून कळलं मला, खांदे उडत होते त्याचे. आमच्या भजनात बुवा म्हातारे झाले की पखवाजवाला लय जरा संथ धरून ठेवतो. कुणाला सांगायला लागत नाही, टाळकरी आपोआप मागं येतात. मला वाटलं सूरी पण येईल. पण तो काय टाळकरी आहे? तो ठरल्याप्रमाणं गेला. त्याचं काय चुकलं?"

"मग हे सरळ सांग की श्रीधरला!"

"काय सांगू? तुझा दम गेला म्हणून?" नंदूनं मान तिरकी केली. "शिंप्यानं तसं म्हणायचं नसतंय, अक्का. कोटात माया होती, सोडली. त्या गाण्यात ठेवलीच नव्हती आपण. वीस वर्षांच्या पोरांचं गाणं ते, अंगाबरोबर शिवलेलं. उसवायला गेलो आणि फाटलं."

मी घरी आले. त्या दिवशी मला स्वयंपाक सुचला नाही. ह्या माणसावर मी जन्मभर चिडत आले, आणि त्याच्याइतकं आपलं असं मला दुसरं कुणी वाटलं नाही, सख्खा भाऊसुद्धा.

नंदू गेला तो एका सकाळी. गल्लीत मंडळातले लोक जमले होते, आत बायकांचं रडणं चाललं होतं. श्रीधर दुकानाच्या कट्ट्यावर एका टोकाला बसला होता, सूरी दुसऱ्या टोकाला, तोंडं दोन दिशांना. मी मध्ये जाऊन बसले. मग मला राहवेना. शिंप्यानं म्हणायचं नसतं हे ठीक, पण मी काही शिंपी नव्हे.

"श्रीधर," मी म्हटलं, "तुझा दम पुरत नव्हता त्या दिवशी. हे त्याला मागून कळलं, म्हणून त्यानं तुझ्यासाठी लय धरली. आणि सूरी, त्याला वाटलं तूही थांबशील. तुला ठाऊक नव्हतं, तू थांबला नाहीस. झालं ते एवढंच. तो खरंच सांगत होता, चूक त्याचीच होती. तुम्ही दोघांनी त्याला तेवढीसुद्धा घेऊ दिली नाहीत."

गल्लीत मंडळातल्यांनी टाळ काढले. श्रीधरचे खांदे हलायला लागले. मग सूरी जागेवरून उठला, माझ्यासमोरून गेला आणि त्याच्याशेजारी बसला.

"तप्पु नंदु," सूरी म्हणाला.

श्रीधरनं मान हलवली. "अल्ल कणो, नाही रे. नंदु."

"इल्ल, नंदु."

"नंदु, सूरी. नंदु."

आतून नंदूचा मुलगा दारात आला. बापाला कोण एवढ्या हाका मारतंय म्हणून तो बघायला आला होता.